आई कुणाच्या गटात
रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यापासून दर रविवारी गिरगावातल्या आमच्या जुन्या खोलीत दादा आणि मी भांडायचो. दादा दादरहून यायचा, मी परळहून. आई पोहे करायची आणि आम्ही भाऊ जगाचा निकाल लावायचो.

माझं म्हणणं, लहान देशानं कुणाशी मैत्री करायची ते त्यानंच ठरवावं.

"ठरवू दे की!" दादा म्हणायचा. "पण शेजारी दांडगा असला की त्याला सांभाळूनच वागावं लागतं. तुझी तत्त्वं तोफा अडवणार आहेत?"

"मग नकाशावर दोन-तीनच देश ठेव. बाकीचे पुसून टाक."

पुढे चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करायची वेळ आली आणि त्या रविवारी युक्रेन बाजूला राहिला. आई कुणाकडे राहणार? दादाकडे अकरावा मजला, पण दोन लिफ्ट. माझ्याकडे दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण डॉक्टर खालीच. मी सगळं तोलून मांडलं. शेवटी ठरलं, सहा महिने त्याच्याकडे, सहा माझ्याकडे. इतक्या रविवारांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आई कोथिंबीर निवडत होती. "झाली वाटणी?"

"वाटणी कसली, आई? तुझी सोय बघतोय," दादा म्हणाला.

"रशियाही असंच म्हणत असेल."

मला हसू आलं. ती माझ्याकडे वळली. "आणि तू रे, लहान देशांचा वकील! तू विचारलंस मला?"

तिचं आधीच ठरलं होतं. शेजारच्या काकूंना त्यांचा मुलगा डोंबिवलीला नेणार होता. दोघींचा दुपारचा चहा लग्न होऊन चाळीत आल्यापासून एकत्र, एक दिवस हिच्या शेगडीवर, एक दिवस त्यांच्या. तो मोडायची दोघींचीही तयारी नव्हती. म्हणून दोघींनी मिळून मागच्या वाडीत तळमजल्यावरची एक खोली बघून ठेवली होती. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर दोघींना देणार होता त्या भाड्यात ती बसत होती. हिशेब मी दोनदा तपासला. चूक सापडली नाही.

त्या खोलीतल्या पहिल्या रविवारी दादा पंखा घेऊन गेला, मी मिक्सर. आईनं दोन्ही ठेवून घेतले आणि काकूंसमोरच विचारलं, "याच्या बदल्यात किती दिवस येऊन राहायचं?"

"एकही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मग बसा. पोहे आज काकूंनी केलेत. नावं ठेवायची नाहीत."