पेवातून आलेली ओ

आधीच सांगते, मी कॉमर्सवाली बाई आहे. ज्याला पुरावा नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नाही. लोणंदला आमच्या घरी कुणाला बाहेरचं लागल्याची कुजबुज सुरू झाली की सगळ्यात आधी हसणारी मीच. त्यामुळे हे लिहायला बसायचं धाडस आत्ता कुठे झालं... आणि नावं सगळी बदललेली आहेत. का, ते शेवटी कळेल.

साताऱ्यात मी तासिका तत्त्वावर शिकवते. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होण्याचं नाव काढायचं नाही, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. विषय घेतला हळदीच्या साठवणुकीचा — सांगली भागातली जुनी पेवं आणि नवी कोल्ड स्टोरेजेस. सिनॉप्सिस मंजूर झाला तसे गाइड सर म्हणाले, "आता लायब्ररी पुरे. पेवं संपत चाललीत, त्याआधी जाऊन बघून या."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढी पोकळी. आत हळद भरून तोंड बुजवलं की ती वर्षानुवर्षं किडत नाही. हरिपूरच्या बाजूला, कृष्णाकाठी अशी बरीच पेवं होती. महापुरात कित्येक निकामी झाली. तिथल्या एका शेतकऱ्याचं, तात्यांचं, एक मात्र टिकून होतं.

तात्या सत्तरीचे, बोलायला दिलखुलास. माझी प्रश्नावली बघून म्हणाले, "म्याडम, मी पोरगी बघाय गेलतो तवाबी एवढं कुणी इचारलं न्हवतं." पण पेवाचा विषय निघाला की माणूस एकदम गंभीर व्हायचा. बंद पेवातली हवा मारते. म्हणून आधी तोंड उघडून ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. आणि उतरलाच कुणी, तर त्याच्या कमरेला दोर बांधून वरच्यानं मधून मधून त्याच्या नावानं हाक मारत राहायची. खालच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा, विचार करत बसायचं नाही.

"ह्या रीतीमुळं आमच्या घरातलं कवा कुणी गेलं न्हाई," असं तात्या म्हणाले होते. माझ्या वहीत ते वाक्य अजून आहे.

पेव उघडलं त्या दिवशी छान ऊन पडलं होतं. पेव रिकामं होतं, पावसाळ्यात आत ओल उतरली का ते बघायला तात्यांचा मुलगा विलास उतरणार होता. कंदील खाली जाऊन नीट जळत राहिला, मी स्वतः वाकून बघितलं. विलास हसत होता. "म्याडम, फोटु काढा. तुमच्या पुस्तकात छापा." मी काढला.

मग तो आत गेला. तात्या दोर धरून तोंडाशी बसले, मी शेजारी, फोनवर रेकॉर्डिंग सुरू. मी प्रश्न विचारायचे, तात्या उत्तर द्यायचे आणि मध्येच खाली वाकून हाक — "इलास!" खालून ओ यायची. जरा आळसावलेली, शेवटी लांबवलेली... घरातला माणूस काम करता करता देतो तशी. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. तात्यांनाही नाही.

"झालं असंल तर ये रं वर," तात्या म्हणाले.

ओ आली. दोर मात्र सैल.

"आरं ये की!"

पुन्हा ओ.

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोर ओढला तर खाली नुसतं वजन. मी ओरडले, शेजारची माणसं धावली, तोंडाला फडकं बांधून एकजण उतरला. विलास पार आतल्या कोपऱ्यात, कंदिलापासून लांब भिंतीला टेकून बसला होता म्हणे. वर काढला तेव्हा हात गार पडले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बराच वेळ झालाय. साचलेल्या हवेनं गुदमरून उतरल्या उतरल्याच गेले असावेत."

मी म्हटलं, "अहो, ते आत्तापर्यंत ओ देत होते! मी ऐकलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नर्सला सांगितलं, "यांना जरा पाणी द्या."

पुढचं सगळं विलासच्या बायकोचं, सुनंदाचं. ती सासऱ्यांना मामा म्हणते. दिवसकार्य झालं तशी सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, तुमी वर बसून गप्पा हाणत हुता. माझा माणूस खाली मरत हुता." तात्या एकच सांगत राहिले, "ओ येत हुती गं पोरी. ओ येत हुती म्हणून वढलं न्हाई."

मी साक्ष दिली. नुसत्या साक्षीनं भागेना म्हणून रेकॉर्डिंग लावलं... त्यात तात्यांच्या हाका आहेत, माझे प्रश्न आहेत, पाखरं आहेत. ओ कुठेच नाही. हाकेनंतर तात्या थांबतात, ऐकल्यासारखे "बरं" म्हणतात आणि पुढे बोलू लागतात. मी परत परत लावून बघितलं. फोनच्या माइकनं खालचा आवाज पकडला नसेल, असं मी मनाला समजावलं. सुनंदाला समजावता आलं नाही.

मग ती रोज पेवावर जायला लागली. तोंडाशी बसून हाका मारायची. म्हणायची, "मामांना आली नव्हं? मग मलाबी येऊ दे." शिराळ्याहून तिचा भाऊ न्यायला आला, तरी जाईना. अन्न तुटलं. मी भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, "ताई, खरंच आलती का वो?" मी हो म्हटलं. त्या 'हो'नं तिचं काय होत होतं ते मला दिसत होतं, पण खोटं कसं बोलणार?

थिसिस मी पुरा केला. सरांनी टॉपिक बदला म्हणून सुचवलं होतं, मी ऐकलं नाही. विलासचा फोटो छापला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही हाक मारायची पद्धत कितपत विश्वासार्ह वाटते?" मी नुसती थिसिसची पानं उलटत राहिले, शेवटी सरांनीच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मला आनंद झालाच नाही.

बांधलेली प्रत घेऊन तात्यांकडे गेले, तर त्याच दिवशी ते पेव बुजवत होते. मातीनं भरलेली ट्रॉली उभी, ट्रॅक्टर सुरूच. सुनंदा भावाबरोबर लांब उभी होती. पेवाचं तोंड बंद करण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यानं एकदा हाक मारायची, आत कुणी राहिलं नाही ना म्हणून. तीही रीतच. तात्या गुडघ्यावर बसले. मी त्यांना धरून होते.

"इलास!"

आणि ओ आली. तीच. आळसावलेली, लांबवलेली.

माझी बोटं तात्यांच्या दंडावर आवळली गेली. त्यांनी सवयीनं 'बरं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आली का वो मामा?" सुनंदा लांबूनच ओरडली.

तात्या उठले. तिच्याकडे वळून म्हणाले, "न्हाई."

"मग तवाबी आली नसंल."

"व्हय पोरी. तवाबी न्हवती आली. मीच गप्पांत हुतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. तात्यांनीही बघितलं. मी नजर ट्रॉलीकडे वळवली. सुनंदा पदर खोचून भावाच्या मागून चालू लागली. त्याच दुपारी ती शिराळ्याला गेली. आता खाते-पिते, शिवणकाम करते, बरी आहे. सासऱ्यांचं नाव काढत नाही.

ट्रॉली उलटली तेव्हा तात्यांनी दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले. माती पडायचा आवाज थांबला, तरी हात काढले नाहीत.

याचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही. गावात लोक तात्यांच्या तोंडावर म्हणतात, म्हाताऱ्यानं गप्पांच्या नादात पोरगा घालवला. ते मान खाली घालून ऐकून घेतात. तुमच्यापैकी कुणाला काही कळत असेल तर मला जरूर लिहा... फक्त शिराळ्यात कुणाला ही गोष्ट सांगू नका.