खांबाचे प्रकार आणि माझे मामा

जगात जे जे म्हणून उभं आहे ते माणसानं चढावं म्हणूनच उभं आहे, अशी माझ्या मामांची पक्की समजूत आहे. विजेचा खांब असो, नारळाचं झाड असो, नाहीतर सेलूच्या स्टेशनवरच्या छपराचा लोखंडी खांब असो, मामा समोर उभे राहिले की आधी मान वर करून टोक बघतात, मग तळहात एकमेकांवर चोळतात आणि मग त्यांना आठवतं की आपण निवृत्त झालोय. एकदा आम्ही सगळे येलदरीचं धरण बघायला गेलो होतो. दरवाजे उघडलेले, पाण्याचे तुषार अंगावर येतायत, जो तो फोटो काढण्यात दंग. मामा मात्र पाण्याकडे पाठ करून विजेच्या मनोऱ्यांकडे बघत उभे. "काय उंची हाय गं! अन् ह्या लोकांनी नुसत्या तारा बांधून ठेवल्यात," असं म्हणून त्यांनी हळहळ व्यक्त केली.

मामांनी सेलूच्या एका शाळेत आयुष्यभर खेळ शिकवला. खेळ म्हणजे मल्लखांब. बाकीचे खेळ त्यांच्या लेखी सुटीत वेळ घालवायचे प्रकार. माणसाची पारखही ते त्यावरूनच करतात. मला बघायला आलेल्या एका मुलाचा दंड त्यांनी चहाच्या आधीच दाबून बघितला आणि "लोंबकळायला कच्चा हाय" असा निकाल सगळ्यांसमोर देऊन टाकला. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मला त्याचं दुःख झालं नाही, पण आईनं मामांशी महिनाभर अबोला धरला होता.

पुण्याला नोकरी करताना मी पोल डान्स शिकायला लागले. घरी सांगितलं होतं, व्यायामाला जाते म्हणून. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. एका दिवाळीत मी भीत भीत मोबाईलवर माझा व्हिडिओ मामांना दाखवला. त्यांनी तो चार वेळा बघितला, चष्मा काढून पुसला, पाचव्यांदा बघितला आणि म्हणाले, "पाय जरा ढिला पडायलाय तुझा. बाकी ही पकड आपली हाय." त्या दिवसापासून माझ्या नाचाचे पहिले अभ्यासक आमचे मामा. आधी एक वही आणली. मग व्हिडिओ बघून बघून त्यांनी पोल डान्सच्या प्रकारांची वर्गवारी केली, आणि इंग्रजी नावं तोंडात बसेनात म्हणून स्वतःच बारसं केलं.

स्पर्धेत करतात तो, गुणांचा, पाय काटकोनात नाहीतर सरळ रेषेत, तो 'सरकारी'. त्यात सगळं नियमानं, हसायचं तेही नियमानं. गाण्याच्या तालावर मनातलं सांगत, निम्मा वेळ जमिनीवर लोळत करतात तो 'रडका'. मामांना तो आवडत नाही असं ते सांगतात, पण बघताना त्यांनाच डोळे पुसायला दस्ती लागते. आणि उंच टाचांचे बूट घालून लचकत करतात तो 'खडावा'. हा प्रकार ते चिडून बंद करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बुटाच्या टाचेची उंची बोटांनी मोजली आणि मान हलवली. "एवढ्या उंचीवरून तोल सांभाळायचा म्हणजे लय मेहनत हाय. आमच्या पोरांना चपला घालून चढवलं असतं तर निम्मी दवाखान्यात गेली असती." खांब स्थिर असतो तसा फिरताही असतो, हे कळल्यावर मात्र ते हादरले. फिरत्या खांबाचा व्हिडिओ बघताना त्यांनी पलंगाची दांडी घट्ट धरून ठेवली होती. तो संपल्यावर पाणी मागितलं.

ही विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. चुडाव्याला एका लग्नात वरबाप त्यांच्या शेजारी बसले. पंगतीला वेळ होता. मामांनी मांडवाच्या खांबाला एक हात लावून त्या बिचाऱ्याला सरकारी, रडका आणि खडावा यांतला फरक समजावून दिला. वर "आमची भाची तिन्ही करती" अशी माहितीही पुरवली. ती माहिती आमच्या आधी परभणीला घरी पोचली.

आईनं माझ्याशी बोलणं टाकलं नाही, तेच जास्त वाईट झालं. त्याच सुमारास मी नोकरी सोडून परभणीला परतले होते. आमच्या घरावर एक मोठा हॉल रिकामा पडून होता, छत उंच, फरशी सपाट. तिथे मला मुलींसाठी क्लास काढायचा होता. मी एक खांब बसवूनही घेतला होता. पण हॉल आईचा, किल्ली आईच्या कमरेला. "आखूड कपडे घालून खांबाला लटकायचं, अन् ते माझ्या घरात?" आई म्हणाली. मी समजावलं की कापड घसरतं, उघडी कातडीच खांबाला धरते. आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हा मामा सेलूहून खास भांडायला आले. "आक्का, लंगोटावर किती पोरं चढवली म्या खांबावर. एकाची तरी आई आली का तक्रार घेऊन?"

"ती पोरं होती."

"अन् ही कोण हाय? खांबाला काय कळतंय त्यातलं?"

आईनं कमरेची किल्ली चाचपली. मग तिनं अट घातली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका येणार होत्या. त्यांच्यासमोर मी सगळं करून दाखवायचं. "एकीनं जरी तोंडाला पदर लावला, तर खांब काढायचा अन् तू गुमान पुण्याला जायचं." मी हो म्हटलं. दुसरं म्हणणार काय!

हळदीकुंकवाच्या दिवशी मामा सकाळच्या गाडीनंच हजर. कार्यक्रम बायकांचा, म्हणून त्यांनी स्वतःची नेमणूक जिन्यात करून घेतली. दुपारी मी खाली तयार होत असताना ते एकटेच हॉलमध्ये गेले. खांबाला कुंकू लावलं, उदबत्ती लावली, नारळ फोडला. आणि आयुष्यभर रोज सकाळी जे केलं तेच अत्यंत प्रेमानं केलं. पिशवीतून एरंडेलाची बाटली काढली आणि खांबाला वरपासून खालपर्यंत तेल चोळलं. स्टुलावर चढून.

मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लागतंच, नाहीतर अंग सोलून निघतं. आमच्या स्टीलच्या खांबाला तेलाचा थेंबसुद्धा शत्रू. इतकी वर्षं आम्ही दोघं पकडीवर बोलत होतो, पण तेलाचा विषय कधी निघालाच नव्हता. तो निघाला वीस बायकांसमोर. मी नमस्कार केला, झेप घेतली आणि जितक्या वेगानं वर गेले त्याच्या दुप्पट वेगानं खाली येऊन फरशीवर बसले. जिन्यातून मामांचा उत्साही आवाज आला, "कमी पडायलंय का? अजून लावू का तेल?"

मग बायका हसल्या. मला रडू फुटलं. मामा दारात येऊन उभे राहिले, हातात बाटली, आणि माझ्याकडे बघून त्यांना सगळं कळलं. त्या माणसाचा चेहरा इतका पडलेला मी कधी बघितला नव्हता. "म्या घात केला गं पोरी," एवढंच म्हणाले.

आई उठली. मला वाटलं, आता संपलं. तिनं पदर कमरेला खोचला, खांबाला अंगठा लावून बघितला, वास घेतला आणि मामांना म्हणाली, "एरंडेल हाय. ह्याला डाळीचं पीठ लागतंय. बापू, बाजूला हो." खांबाचं मला माहीत नाही, पण तेलकट भांड्यापुढे माझी आई कधीच हरलेली नाही. खालून डाळीच्या पिठाचा डबा आला, लिंबं आली, गरम पाण्याची घागर आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, पीठ कोरडंच चोळा. दुसऱ्या म्हणाल्या, आधी भांड्याची पावडर. एकजण स्टुलावर चढली, दोघींनी स्टूल धरलं, आणि जरीच्या साड्या नेसलेल्या त्या बायकांनी माझा खांब घासला. दोघींनी मलाही न्हाणीत नेऊन पिठानं चोळून काढलं. पुसायला फडकी पुरेनात, तेव्हा आईनं कमरेचा पदर सोडून त्यानंच खांब पुसला आणि तिचं बघून बाकीच्यांनीही आपापले पदर पुढे केले.

त्यानंतर मी चढले. आधी सरकारी. खांबानं मला असं धरलं, जसं पुण्यात कधी धरलं नव्हतं. उलटी लटकून दोन्ही हात सोडले तेव्हा खालून कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. जिन्यातून मामा ओरडून नावं सांगत होते, "आता रडका बघा!" आणि रडक्याला दोघी खरंच रडल्या. शेवटी बूट चढवून खडावा. माझं लक्ष सगळं पदरांकडे. पण तोंडाला लावायला एकीचाही पदर शिल्लक नव्हता, सगळे पिठानं आणि तेलानं माखलेले. शेजारच्या काकू तर पुढे येऊन बसल्या. "लय झ्याक!" त्या म्हणाल्या. "सोमवारपासून माझ्या नातीला घे." मग दुसरीनं सुनेचं नाव दिलं, आणि तिसरीनं इकडे तिकडे बघून स्वतःचं. आईनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी जिंकले होते, आणि त्या हॉलमधल्या सगळ्याच जिंकल्यासारख्या दिसत होत्या.

वाण घेऊन बायका गेल्या. मामा अजून अपराधी चेहऱ्यानं फरशीवरचं पीठ झाडत होते. मी म्हटलं, "मामा, पुरे. तुमच्यामुळेच झालं हे."

"माझ्यामुळं न्हाई." त्यांनी झाडू ठेवला. "लहानपणी आमच्या दारात खांब होता. आक्का माझ्याहून चांगली चढायची. बारा वर्षांची झाली अन् अण्णांनी, आमच्या वडलांनी, तिचं चढणं बंद केलं. मला म्हणले, तू चढ. म्या चढलो." थोडं थांबून ते म्हणाले, "म्या कधी काही बोललो न्हाई गं तवा."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आई खांबाजवळ उभी होती, पाठमोरी. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. तिनं दोन्ही हातांनी खांब धरला, जरा वर, डोक्याच्या उंचीला. पायातल्या चपला बाजूला सारल्या. आणि अडुसष्ट वर्षांच्या माझ्या आईनं दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. फार नाही, चार बोटं.

मामा ताडकन सरळ उभे राहिले आणि शाळेतल्या त्यांच्या खणखणीत आवाजात मोजायला लागले, "एक! दोन! तीन!"

तीनला आईचे पाय खाली टेकले. मामा मात्र डोळे पुसत पुढचे आकडे मोजतच राहिले, आणि आईनं त्यांना थांबवलं नाही.