लोडाला टेकलेली बाई

इस्तंबूलमधल्या घरंदाज तुर्की बायका फिरंगी चित्रकारासमोर कशाला बसतील? म्हणून पेरा या युरोपियनांच्या वस्तीतल्या अशाच एका चित्रकाराने त्यांच्या जागी यरानुहीला बसवलं. ही आर्मेनियन पोर, लोकांची धुणी धुणारी. भाड्याचं रेशीम अंगावर घालून ती लोडाला टेकली. धाकटी बहीण चित्रापुरती दासी झाली आणि कॉफीचं तबक घेऊन तिच्यापुढे वाकली. पेला रिकामाच होता. चित्र छापलं, घरोघर गेलं.

पुढे प्लेगात नवरा गेला, बहीणही गेली. उतारवयात यरानुही एका व्यापाऱ्याकडे कामाला लागली. पहिल्याच दिवशी मालकीण खेकसली, "अगं, तबक असं धरतात होय?" आणि तिने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "ती दासी बघ, कशी वाकलीय! तसं वाकायचं."

"बाईसाहेब, ती लोडाला टेकलेली आहे ना..."

"तिच्याकडे काय बघतेस? तुझ्या सात पिढ्यांत कुणी तसं बसलं नसेल. रोज इथे उभं राहून शीक."

दुसऱ्या दिवसापासून यरानुही रोज सकाळी तबकात रिकामा पेला ठेवून त्या तसबिरीपुढे वाकू लागली, अगदी बहिणीसारखी.