संत्याचं बोट

इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत दुरुस्त न झालेल्या गोष्टी दोन ठिकाणी साठतात. कपाटाखालच्या खोक्यात आणि गप्पांत. खोकं कधीच भंगारात गेलं, गप्पा राहिल्या! नव्वदच्या दशकाच्या शेवटी महाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही जेमतेम चार टाळकी होतो. साहेब, स्वातीताई, मी आणि पोलादपूरच्या वरच्या वाडीतला संतोष, म्हणजे आमचा संत्या.

कारखान्यातल्या भट्टीचं तापमान टिपून ठेवणारं यंत्र आम्ही बनवत होतो. मध्ये प्रोसेसर, शेजारी नोंदी साठवणारी फ्लॅश मेमरी. मेमरी जोडूनही प्रोसेसरच्या बऱ्याच पिना, म्हणजे जोडणीचे पाय, उरल्या. स्वातीताई म्हणाली, "यांना मोकळं सोडू नका, काहीबाही पकडतील."

"ज्यांना कामच नाही, त्या काय बिघडवणार?" साहेब म्हणाले. साहेबांचा सरकारी कचेऱ्यांशी संबंध आला नसावा!

*

पहिली चाचणी. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की मोकळ्या पिना तो विजेचा गोंधळ पकडायच्या आणि मेमरीत भलतंच लिहिलं जायचं. भर मे महिन्यात, महाडात, पेटत्या भट्टीचं तापमान शून्य!

"काय रे, यंत्र आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला नेलं होतं का?" साहेब म्हणाले.

संत्या हसला नाही. यंत्र पास झालं तरच तो कायम होणार होता आणि कायम झाला तरच त्याचं लग्न. मुलीच्या वडिलांनी तसं बजावलं होतं. पोरगी त्याला मनापासून आवडली होती, त्यामुळे बिचाऱ्याला जेवण जात नव्हतं.

*

मग एक शोध लागला. संत्याने यंत्राच्या सर्किट बोर्डाच्या एका कोपऱ्यात बोट टेकवलं की यंत्र शहाण्यासारखं चालायचं! बोट एकाच वेळी मोकळ्या पिनेवर आणि ग्राउंडवर, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या पट्टीवर, टेकायचं, एवढंच. साहेबांनी त्याला तसाच बसवून ठेवला.

नेमके तेव्हाच मुलीचे वडील कंपनी बघायला आले. मुंबईत नोकरी करून गावी परतलेले, नजर कडक.

"पोरगा करतो काय इथं?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "याने बोट उचललं तर कंपनी बंद पडते!"

वडिलांनी त्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं. "मग लग्नाला सुट्टी कशी भेटनार ह्याला?"

*

शेवटी साहेब नमले. स्वातीताईने ठरवून दिलं, इनपुटच्या, म्हणजे बाहेरचं ऐकणाऱ्या पिना रेझिस्टरचा अडसर लावून ग्राउंडला बांधायच्या, बाकीच्या प्रोग्रॅममध्ये आउटपुट, म्हणजे नुसत्या बोलणाऱ्या, करून सोडून द्यायच्या. संत्याने उत्साहाच्या भरात सगळ्याच थेट ग्राउंडला बांधल्या. प्रोसेसर एवढा तापला की हात लावू देईना!

"भट्टी राहू दे, याचंच तापमान टिपा!" साहेब म्हणाले.

"अरे, गोठ्यातली सगळी जनावरं तू एकाच दाव्याला बांधतोस का?" स्वातीताई ओरडली.

"नाय गो ताई, मारामारी हुईल!" म्हणत संत्याने नवा बोर्ड घेतला.

या वेळी शेजारचं वेल्डिंग मुद्दाम चालू ठेवून चाचणी झाली. संत्या दोन्ही हात खिशात घालून उभा होता. यंत्र पास, संत्या कायम! त्या दिवशी आम्हाला खरंच फार बरं वाटलं.

*

लग्न वाडीतच होतं. मुहूर्त जवळ आला आणि भटजींचा माईक बंद पडला. लाउडस्पीकरवाला घामाघूम. साहेब वाकले, स्वातीताई वाकली, मी वाकलो. अँप्लिफायर ढिम्म! भटजी घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात मुलीचे वडील गरजले, "सरा रे बाजूला! जावयाला आना!"

मुंडावळ्या सांभाळत संत्या आला. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि अँप्लिफायरच्या पाठीवर बोट टेकवलं.

कर्णा खाकरला आणि बोलायला लागला!

मंगलाष्टकं संपून हार पडेपर्यंत सासऱ्यांनी ते बोट उचलू दिलं नाही. अंतरपाटच तिथे हलवायला लावला. संत्याने बायकोला हार घातला तो एका हाताने!