खिडकीवरचं पोतं

"हा बाप एकदम तयार कसा होतो?" मॅडमनी विचारलं आणि माझं डोकंच सरकलं.

स्मृती नगरात एका निवृत्त मराठी शिक्षिकेच्या घरी आम्ही चार-पाच बायका रविवारी जमतो, आपापलं लिखाण वाचतो. मी पहिल्यांदाच गोष्ट लिहून नेली होती. मरोद्याच्या क्वार्टरमधली मुलगी, पोलादाच्या प्लांटमध्ये जाणारा बाप आणि मुलीचं मोठं होणं. मुलगी म्हणजे अर्थातच मी.

बाबांची नाईट शिफ्ट असली की आमचं घर दिवसभर मुकं. त्यांना झोपायला गारवा नि अंधार मिळावा म्हणून आई खिडकीवर ओलं पोतं टांगायची. अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं, ज्या खिडकीवर पोतं, तिथं कोणी कडी वाजवायची नाही. त्या आठवड्यात कुकरही लावायचा नाही, शिट्टी होते म्हणून, भात पातेल्यात. आई नि मी भांडायचो तेही कुजबुजत. कुजबुजत भांडून पाहा एकदा, जीव जातो!

मॅडमना हे आवडलं. पोतं पुन्हा पुन्हा येतं ते छान, म्हणाल्या. सगळं मुलीच्या नजरेतून दिसतं, तेही छान. मी फुगले. मग त्या बारावीनंतरच्या प्रसंगावर आल्या. मुलीला शिकायला नागपूरला जायचंय, बापाला विचारायची हिंमत नाही. आणि एक दिवस जेवताजेवता बापच म्हणतो, "नागपूरले जाय. तुया मावशीसंग बोललो मी."

"आधी काहीच पेरलं नाहीत," मॅडम म्हणाल्या. "वाचक विचारणारच, याला कळलं कसं?"

"अहो, पण खरंच असं झालं!"

"झालं असेल. गोष्टीत पटत नाही. मुलगी मोठी होते ती याच जागी, आणि ही जागाच पोकळ आहे."

मी धुसफुसतच निघाले. वाटेत सिविक सेंटरला ऑटोवाल्याशी उगाच हुज्जत घातली. पण राग मॅडमवर नव्हता. बाबांना माझं काही पडलंच नव्हतं, घरातली एक कटकट कमी झाली म्हणून त्यांनी मला धाडलं, ही शंका मी इतकी वर्षं पोटात घेऊन फिरत होते. पेरायला माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते लिहायला हात धजत नव्हता.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. प्लांटमधल्या मिलच्या आवाजानं त्यांचे कान पार गेलेत. त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून गोष्ट वाचली, अगदी ओरडून. पोत्यापाशी ते हसले. नागपूर आलं तशी मी थांबले आणि विचारूनच टाकलं, "बाबा, तुमी मले कावून जाऊ देलं?"

"तूच त म्हणे."

"मी? तुमाले कधी म्हटलं?"

"तुया मायले म्हणे ना, सैपाकघरात. रडून राहिली होती तू."

"पण तुमी त झोपले होते!"

"त्या गर्मीत दिवसा कोनाले झोप येते बाप्पा? पडून राहो मी. उठलो असतो त तुमी दोघी चूप झाल्या असत्या." मग म्हणाले, "तेवढंच त कानी पडे तुमचं. मी समोर असलो की कोनी बोलेच नाई."

मला भडभडून आलं. कसली मेली शंका जपून ठेवली होती मी! मान खाली घालून, आवाज न करता रडायला लागले. जुनी सवय.

"रडून कावून राहिली वं? ऐकू नाई येत म्हणून का दिसत बी नाई मले?"

दुसऱ्या दिवशी मी गोष्टीत एक वाक्य वाढवलं. मुलगी आईशी कुजबुजत नागपूरचं बोलते, तेव्हा आतल्या खोलीत खाट करकरते. झाली पेरणी! मॅडमना दाखवायच्या आधी बाबांना वाचून दाखवलं. ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा, आणखी जोरात.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"खाट कशी वाजन? मी कूस बी नोतो बदलत."

ते वाक्य मी तिथंच खोडलं. मॅडमना पटो न पटो.