माझ्या मापाची बंडी

"कोणाला कळतसुद्धा नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ऑपरेशन झाल्यापासून ते मी शेजारणींकडून, सासरच्या बायकांकडून, शाळेतल्या सहकारी बाईंकडून आणि दुकानातल्या विक्रेतीकडूनही ऐकलं आहे. सगळ्यांना वाटतं, आपण हिला धीर देतोय. माझा डावा स्तन काढलेला आहे. कॅन्सर होता, काढला, मी वाचले. यात लपवण्यासारखं काय आहे ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. लपवायचं कसं, ते मात्र न विचारता सगळ्यांनी सांगितलं.

लपवायचं साधन म्हणजे सिलिकॉनचा एक गोळा. तो ब्रामध्ये घालायचा. थंडीत मी तो मुकाट्यानं घातला. पण आपल्याकडचा उन्हाळा काय असतो हे त्या गोळ्याच्या कारखानदाराला माहीत नसावं. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून उभी राहिले, घरी आले, गोळा काढला, तर खालची कातडी लालभडक झालेली आणि व्रणाच्या कडेनं घामोळं उठलेलं. मी तो गोळा मोरीत आपटला. आवाज ऐकून नवरा आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "घरात नको घालूस. बाहेर जाताना तेवढा घालत जा." जणू काही बाहेर ऊन नसतंच.

त्याच दिवशी मी ठरवलं की आता आपल्याला एक सुती बंडी पाहिजे. बिनबाह्यांची, विणलेली, अंगासरशी बसणारी. उजवीकडे जेवढा भराव आहे तेवढा भराव आणि डावीकडे सरळ, सपाट. काखेत खोल, कारण तिथल्या गाठी काढल्यापासून शिवण घासली की जीव जातो. बाजारात असं काही मिळत नाही. औरंगपुऱ्यात ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे गेले, तर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आतून पॅड शिवून देते ना मॅडम, दोन्हीकडनं एकसारखं दिसेल." मी पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरले.

मग उरली माझी ताई. ती चिकलठाण्याला राहते आणि आमच्या खानदानातलं एकही बाळ तिची टोपडी न घालता मोठं झालेलं नाही. माझ्या आजारपणात तिनं काय केलं नाही? डबे आणले, केस गेले तेव्हा मऊ सुताची टोपी विणली, मला उलट्या होत असताना पाठ चोळत बसली. फक्त एक गोष्ट केली नाही. तिनं माझी छाती कधी बघितली नाही. नर्स ड्रेसिंग बदलायला आली की ताईला नेमकं पाणी भरून आणायचं असे. मी कपडे बदलायला लागले की ती भिंतीकडे तोंड करून भिंतीशीच गप्पा मारायची. मला ते दिसत होतं. तेव्हा भांडायची ताकद नव्हती म्हणून बोलले नाही.

तरी बंडी कशी हवी ते मी तिलाच सांगितलं आणि सुती दोरा आणायला आम्ही दोघी मिळून गेलो. दुकानातले चाचा हसले, "इत्ती गर्मी में बुनाई कायकू, आपा? किसके वास्ते होना?"

ताई पटकन म्हणाली, "बच्ची के वास्ते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पन्नाशीला आलेली बाई मी, बच्ची? "मेरे वास्ते," मी म्हटलं, जरा जोरातच. चाचांनी मान वर केली नाही. समोरच्या लड्या बाजूला सारून त्यांनी मागून वेगळ्या काढल्या आणि म्हणाले, "फिर ये लेव. चुभता नईं." त्यांना दोरा विकायचा होता, त्यांनी दोरा विकला. माणसानं एवढंच करावं, बाकी काही नको.

रिक्षात बसल्यावर मी ताईला म्हटलं, "घरी चल, माप घे."

"मापाची काळजी करू नको गं. हाय माझ्याकडं," ती म्हणाली. हिनं माप कधी घेतलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला पाहिजे होता.

मे महिन्यात एका दुपारी ती बंडी घेऊन आली. विणकाम असं की बघत राहावं, एक टाका सैल नाही. मी आत जाऊन घातली. उजवी बाजू बरोबर बसली. डावीकडे एक रिकामी पिशवी लोंबत होती. आत हात घातला तर अस्तरासारखा वेगळा विणलेला एक खिसा हाताला लागला.

मी तशीच बाहेर आले. "हे काय हाय?"

"खिसा केलाय," ताई कौतुकानं म्हणाली. "गोळा बरोबर बसतो त्यात. सरकायचं नाय की काय नाय."

"आणि माप कुठलं घेतलंस?"

तिनं तिच्या पिशवीतून माझा मापाचा ब्लाउज काढून दाखवला. हा ब्लाउज आपल्याकडे प्रत्येक बाईच्या कपाटात असतो. एकदा कधीतरी नीट बसला की तो मापाचा होतो आणि पुढे कित्येक वर्षं नव्या कापडाबरोबर तोच शिंप्याकडे जातो. बाई घरी राहते, तिच्याऐवजी ब्लाउज जातो. अंगाला टेप लावायला नको, कुणाला लाजायला नको. ताईनं तो माझ्या नवऱ्याला फोन करून गुपचूप मागवून घेतला होता. ऑपरेशनच्या कितीतरी आधी शिवलेला.

माझा तोल गेला. "ही बाई आता नाय, ताई! कापून टाकलंय ते! तू कुणासाठी विणलंस हे?"

"मी काय वाईट केलं? लोक बघतात गं. उगं चार तोंडं…"

"लोकांचं मरू दे. तू बघितलंस का? एकदा तरी?"

तिनं मापाच्या ब्लाउजची घडी घालायला घेतली. मी बंडी अंगातून काढली, गाऊन चढवला आणि तिच्यासमोर बसून गळ्याकडचा टोकाचा टाका शोधला आणि ओढला. विणलेलं उसवताना भरभर उसवतं. ताई "अगं, अगं" करत राहिली. पण दोरा जमिनीवर पसरायला लागला तसा तिचा हात आपोआप पुढे आला आणि ती गुंडा करायला लागली. मी रागानं ओढतेय आणि ही गुंता होऊ नये म्हणून गुंडाळतेय! डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हात चालूच. मला हसू यायला पाहिजे होतं, पण जास्तच संताप आला. दोऱ्याची एवढी काळजी करणाऱ्या या बाईला माझ्या अंगाकडे बघवत नव्हतं.

बंडी संपली. मी उठले, दाराला कडी घातली आणि गाऊन पुन्हा काढून उभी राहिले. "घे माप."

तिनं टेप काढला. नजर खिडकीकडे.

"खिडकीत नाय मी. इकडं बघ."

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. तोंडातून एवढंच निघालं, "लई सपाट केलंय गं." मग टेप बाजूला ठेवून तिनं दोऱ्याचा एक तुकडा तोडला, त्याचं टोक छातीच्या मधोमध धरलं आणि दोरा व्रणावरून काखेपर्यंत नेला. तिची बोटं गार होती. "दुखतं का?"

"आता विचारतेस?"

"व्हय. आता विचारते."

"दुखत नाय. बधिर हाय. काखेत ओढतं."

तिनं दोऱ्याला गाठ मारली. मग दुसरा तुकडा घेतला, उजव्या बाजूसाठी.

त्यानंतर ती दुपारी रिक्षानं येत राहिली. दोन्ही बाजू वेगवेगळ्या असल्यानं अंदाजानं विणताच येत नव्हतं. थोडं विणायचं, सुयांसकट माझ्या अंगाला लावायचं, डावीकडे दोन टाके एकत्र घेऊन कमी करायचे, परत लावायचं. हळूहळू ती खेकसायलाही लागली. "श्वास सोड. ताठ उभी राहा. पोट आत ओढू नको, मापात खोटेपणा चालत नाय." हे तिनं मला सांगावं! मी तिला तसं ऐकवलंही.

माझा राग निवळला असं म्हणून टाकलं तर सगळ्यांना बरं वाटेल. पण तो निवळला नाही. सख्ख्या बहिणीनं आपल्याकडे बघावं म्हणून मला घसा फोडावा लागला, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

बंडी पुरी झाली तो दिवस नळाला पाणी येण्याचा होता. मी ती घातली. डावीकडे सरळ बसली, काखेत कुठे टोचली नाही. ताई खाली बसून दोऱ्याची उरलेली टोकं आत ओवत होती, तेवढ्यात बेल वाजली. मी तशीच जाऊन दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू होत्या.

"पाणी आलं बरं का," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर खाली गेली. डावीकडे गेली आणि तिथंच थांबली. तोंड किंचित उघडं राहिलं.

माझ्या जिभेवर शब्द आले होते. त्याआधीच ताई मागून उठून आली. हातात सुई, दोऱ्याचं एक टोक अजून माझ्या बंडीला लोंबत राहिलेलं. माझ्याहून मोठ्या आवाजात ती म्हणाली, "मी विणलंय ते, काकू. बघा की नीट. कुठं चुकलंय का मापात?"