काचेआडचं कोवळं ऊन

नातीला वर्षभर मी ऊन म्हणून नुसता उजेड पाजला. तोही मोठ्या थाटात.

तेव्हा मी नुकतीच निवृत्त झालेली, म्हणजे साठीची पोरगीच. शाळेत विज्ञान शिकवल्याची घमेंड अजून ताजी होती. सुनेची रजा संपत आली तशी ती पाळणाघरं बघायला लागली. मी म्हटलं, "घरात आजी असताना पाळणाघर? लोक काय म्हणतील!" हे लोक कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं. सून हो म्हणाली. पण बाळ माझ्या हातात देताना तिची बोटं जरा उशिराच सुटली.

डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीला नव्या सरकत्या काचा बसवल्या होत्या. मानपाडा रोडची धूळ बाहेर, आम्ही आत. सकाळचं ऊन समोरच्या इमारतीच्या टाकीवरून घसरत यायचं आणि काचेतून सतरंजीवर पसरायचं. मी पाय लांब करून बसायची, पायांवर तेल माखलेली नात. खोबरेलाचा वास, काचेपलीकडे मुके झालेले रिक्षांचे भोंगे, हवेत तरंगणारे सोनेरी कण. ते पकडायला ती मूठ मिटायची, उघडून बघायची आणि रिकाम्या तळव्याकडे बघून हसायची. मला पेंग यायची. त्या पेंगेत मी, नात आणि ऊन, तिघं एकाच गोधडीत आहोत असं वाटायचं.

सून म्हणायची, "आई, गच्चीवर नेऊया का तिला?"

"अगं, घरबसल्या ऊन येतंय की! गच्चीवर वारा काय, कबुतरं काय."

डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब संपले तेव्हाही मीच म्हटलं, "नवी बाटली कशाला? एवढं कोवळं ऊन खातेय पोर."

वर्ष उलटलं. शेजारचं बाळ सोफा धरून चालायला लागलं. आमची मात्र उभी केली की पाय दुमडून बसायची.

"आळशी आहे, आजोबांवर गेलीय," मी म्हटलं.

आजोबा पेपरामागून म्हणाले, "मी निदान उभं राहून आळस करतो."

सून हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं आम्हा दोघींना ठाकुर्लीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नातीची मनगटं चाचपली, एक्स-रे काढायला लावला, रक्त तपासायला लावलं. हाडं मऊ राहिली होती.

"ऊन देता का हिला?"

"रोज!" मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. "गॅलरीत. काचा लावून घेते, वारा लागू नये म्हणून."

ते हसले असते तर बरं झालं असतं. "आजी, काचेतून उजेड येतो, ऊबही येते. पण कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला जे यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण लागतात, ते बहुतेक काचेतच अडतात. इतक्या सकाळच्या उन्हात ते आधीच नावापुरते. सूर्य वर चढल्यावर, उघड्यावर, थोडा वेळ न्यायचं. फार वेळ नाही, कातडी भाजेल. आणि सूनबाई म्हणाल्या ते थेंब बंद करायचेच नव्हते."

ओझोनच्या धड्याला मी पोरांना किती घाबरवलं होतं! अतिनील किरणांनी डोळे जातात, पिकं खुरटतात, समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीवसुद्धा मरतात. ओझोनच्या थरातून तेच किरण थोडेसे खाली येतात आणि आपली हाडं घडवायला मदत करतात, ही ओळ मी फळ्यावर दोनदा अधोरेखित करायची. घरच्या काचेपाशी मात्र बाईंचा धडा कच्चा.

सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. औषधानं पोर सावरली. आता दिवसभर घरात लंगडी घालते, खालचे काका तक्रार करतात.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. परतताना रिक्षा पुलावर अडकली. उघड्या बाजूनं आलेलं ऊन नातीच्या पावलांवर पडलं होतं. ती सुनेच्या मांडीवर झोपलेली, आणि मला ती पावलं पाण्याखाली असल्यासारखी, फार लांबची दिसत होती. उद्यापासून सकाळची सतरंजी रिकामी. कुणी बोलायच्या आत मीच म्हटलं, "तू पाळणाघर बघ गं. माझं काही म्हणणं नाही."

सून नातीचं डोकं सावरत म्हणाली, "आई, त्या काचेआड तिच्याबरोबर तुम्हीही रोज बसत होतात ना? उद्या तुमचंही रक्त तपासून घेऊ. हिला कडेवर घेऊन गच्चीचे जिने तुम्हालाच चढायचेत."